स्टॅश सांभाळताना: न जोडलेली मॉडेल किट्स पिवळी का पडतात?

हा आजच्या एपिसोडचा मजकूर, ज्यांना लोकलमध्ये इअरफोन लावण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी.

आजचा विषय आहे स्टॅश. म्हणजे घेतलेली, पण अजून न जोडलेली प्लास्टिक मॉडेल किट्स. विमानं, रणगाडे, गनप्ला, काहीही. आपलं घेणं जोरात आणि जोडणं निवांत असतं, त्यामुळे बॉक्स माळ्यावर पाच-सात वर्षं सहज पडून राहतात. तोवर कंपनीनं ते किट बंद केलं, तर तसंच दुसरं मिळणं मुश्कील. मग बॉक्समध्ये आधी काय खराब होतं, हे माहीत असलेलं बरं.

आधी जातात डीकल, मग मऊ टायर. कडक प्लास्टिक सगळ्यात शेवटी.

प्लास्टिक

बहुतेक किट्स पॉलिस्टायरीनची असतात. ते पाणी जवळपास शोषत नाही आणि अंधारात कित्येक दशकं टिकतं. १९७०च्या दशकातली एअरफिक्स किंवा तामियाची किट्स लोक आजही जोडतात. त्याचा खरा शत्रू म्हणजे उन्हातले अतिनील किरण. या किरणांमुळे प्लास्टिकची हवेतल्या ऑक्सिजनशी प्रक्रिया होते आणि ते पिवळं पडतं. खिडकीची काच हे किरण काही प्रमाणातच अडवते. एबीएस प्लास्टिक त्याहून लवकर पिवळं पडतं, कारण त्यातला ब्युटाडाईन नावाचा रबरी घटक ऑक्सिजनला पटकन बळी पडतो. गनप्लाच्या रनरवर पीएस की एबीएस ते कोरलेलं असतं, एकदा बघून घ्या.

म्हणून किट शोकेसमध्ये उघडं ठेवू नका. बॉक्स बंद, कपाट बंद.

टायर

गाड्यांच्या किटमधले मऊ काळे टायर बऱ्याचदा पीव्हीसीचे असतात. ते मऊ राहावेत म्हणून त्यात प्लास्टिसायझर घालतात. हे द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि टायरला टेकलेलं पॉलिस्टायरीन विरघळवतं. काही वर्षांनी बॉक्स उघडावा, तर टायरचा ठसा थेट बॉडीवर! उपाय सोपा आहे: टायर वेगळ्या झिपलॉक पिशवीत ठेवा. पारदर्शक पार्टही वेगळ्या पिशवीत, म्हणजे ओरखडे पडत नाहीत.

डीकल

आपल्याकडे खरी परीक्षा इथेच. डीकल म्हणजे कागदावर पाण्यात सुटणारा गोंद, त्यावर पातळ फिल्म, त्यावर छपाई. जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. गोंद ओला होतो, दोन शीट एकमेकींना चिकटतात, कागदाला बुरशी येते, कसर लागते. शिवाय फिल्म आणि गोंद जुने होऊन पिवळे पडतात ते वेगळंच.

डीकल शीट झिपलॉकमध्ये सपाट ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी. पण पिशवी जुलैत बंद केली, तर आत दमट हवाच कोंडली जाते. हे काम हिवाळ्यातल्या कोरड्या दिवशी करा. दर दिवाळीच्या साफसफाईत पुडी बदला.

डीकल आधीच पिवळे पडले असतील, तर शीट झिपलॉकमध्ये घालून, छापील बाजू बाहेर करून, खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. काही दिवस ते काही आठवडे लागतात, पण ऊन तो पिवळेपणा बऱ्यापैकी फिका करतं. प्लास्टिकला पिवळं करणारं ऊन इथे उलटं काम करतं, कारण गोंदातले रंगीत रेणू उजेडानं तुटतात. छापील रंगही फिके होऊ शकतात, म्हणून रोज लक्ष ठेवा.

घरातल्या सवयी

डांबराच्या गोळ्या किटच्या कपाटात अजिबात नकोत. त्यांची वाफ पॉलिस्टायरीनला मऊ करू शकते. घरी आईला हे आधीच सांगून ठेवा, कारण कपाट आवरताना गोळ्या टाकायची सवय हाताला असते.

पत्र्याखालचा माळा टाळा. तिथे उन्हाळ्याच्या उष्णतेत, वर चार बॉक्सचा भार असेल, तर पातळ पंख वाकू शकतात. पावसात ओल येणाऱ्या भिंतीपासून बॉक्स चार बोटं लांब, आणि जमिनीपासून वर. सूचनापत्रकाचा फोटो काढून ड्राइव्हवर टाका. नोकरीत कोडचा बॅकअप घेतोच आपण, इथे कागदाचा घ्यायचा.

आणि पुढचं किट कोणतं जोडायचं, हा वाद असेल तर माझा नियम ऐका. ज्याचे डीकल सगळ्यात जुने, ते आधी. प्लास्टिक तुमच्यासाठी थांबेल, डीकल थांबणार नाहीत. या रविवारी बॉक्स खाली काढा आणि आधी डीकल शीट बघा.