त्रिरश्मी पर्वतावरील स्तूप आणि दमणगंगेच्या नावा

दादरा आणि नगर हवेलीतील दुधनी येथे मधुबन जलाशयामुळे दमणगंगेचे पात्र विस्तीर्ण झाले आहे. पर्यटकांना जलविहार घडविणाऱ्या नौका तेथे नित्य दिसतात. याच नदीवर सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी वाटसरूंना विनामूल्य पैलतीरी पोचविणाऱ्या नावा होत्या. त्यांची नोंद नाशिकच्या त्रिरश्मी पर्वतावर शिळेत कोरलेली आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असेल. दमणगंगेचा उगमही नाशिक जिल्ह्यातील सह्याद्रीतच आहे.

नाशिक शहराच्या नैऋत्येस सुमारे ८ किलोमीटरवर हा पर्वत आहे. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक असून तेथून पायऱ्यांनी वर जाता येते. येथील २४ लेणी 'पांडवलेणी' या नावाने परिचित आहेत; परंतु त्यांचा पांडवांशी संबंध नाही. ती बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी व उपासनेसाठी इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदण्यास प्रारंभ झाला. शिलालेखांतील 'लेण' हा शब्द 'लेणे' या रूपाने आजही आपल्या बोलण्यात आहे.

१८ व्या क्रमांकाचे लेणे म्हणजे चैत्यगृह. कमानदार दर्शनी भाग ओलांडून आत गेल्यावर स्तंभांच्या रांगांपलीकडे अखंड खडकातून कोरलेला स्तूप दिसतो. त्यावर बुद्धाची मूर्ती नाही. ज्या काळी मूर्तिपूजा रूढ झाली नव्हती, त्या काळी स्तूप हेच बुद्धाचे प्रतीक मानले जाई व उपासक त्यास उजवी घालून प्रदक्षिणा करीत.

हे चैत्यगृह कोणी घडविले? त्याच्या दाराच्या कमानीवरील लेखात धंभिक या गावाचे दान नमूद आहे. दुसऱ्या लेखात ते पूर्णत्वास नेणाऱ्या भटपालिका नावाच्या स्त्रीचा उल्लेख आहे. एक गाव आणि एक गृहिणी यांच्या दानातून ही वास्तू उभी राहिली, ही गोष्ट आजच्या ग्रामस्थांनी अभिमानाने स्मरावी अशी आहे.

१० व्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर त्याने पुण्यार्थ नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर विश्रांतीच्या जागा व पाणपोया केल्या, असे त्यात म्हटले आहे. यांतील 'दमण' म्हणजेच आपली दमणगंगा, असे अभ्यासक मानतात.

त्याच्या दानाची व्यवस्थाही बोधप्रद आहे. भिक्षूंसाठी दिलेले ३,००० कार्षापण त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन संघांकडे कायम ठेव म्हणून ठेवले. पैकी २,००० वर दरमहा शेकडा १ कार्षापण व्याज ठरले. म्हणजे वर्षाचे २४० झाले. त्यातून २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळत. मूळ रकमेस हात लावावयाचा नाही, असा दंडक होता. सहकारी पतपेढीच्या आजच्या सभासदास हा हिशेब सहज उमगेल.

एवढी माहिती आपल्यापर्यंत पोचली ती खडकावरील अक्षरे शाबूत राहिली म्हणून. भिंतीवर खिळ्याने नाव कोरणारा प्रेक्षक आपल्याच पूर्वजांचा दस्तऐवज खरवडीत असतो. ही लेणी केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली आहेत. १९५८ च्या प्राचीन स्मारके अधिनियमात २०१० साली झालेल्या सुधारणेनुसार संरक्षित स्मारक विद्रूप करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तथापि, कायद्याहून जाणीव अधिक प्रभावी ठरते. शिक्षकांनी सहलीपूर्वी विद्यार्थ्यांना या लेखांचा अर्थ समजावून द्यावा. ज्या लेखात आपली नदी आहे, त्या लेखावर कोणता विद्यार्थी ओरखडा काढील?