पोटावरचा हात, छातीवरचा हात

छत्तीसगढ राज्य स्थापन होऊन दोन-तीन वर्षेच झाली होती. रायपूरपासून काही तासांच्या अंतरावरील एका जिल्ह्यात महसुली आढावा बैठक चालू असताना दारापाशी उभे असलेले एक पटवारी कोसळले. वय पन्नाशीच्या आसपास. कोणी तोंडावर पाणी शिंपडले, कोणी नाकाशी कांदा धरला, कोणी तळपाय चोळू लागले. माझा वाहनचालक मात्र गुडघे टेकून बसला आणि दोन्ही हातांनी त्यांचे पोट दाबू लागला. आमच्या गावी तळ्यातून काढलेल्या माणसाला असेच दाबतात, असे त्याने नंतर सांगितले. मी त्याला दरडावून थांबवले; पण त्याऐवजी काय करावे हे मलाही ठाऊक नव्हते. जीपमधून रुग्णालयात पोहोचेपर्यंत अर्धा तास उलटला होता. डॉक्टरांच्या हाती करण्यासारखे काही उरले नव्हते.

निवृत्तीनंतर पोटावर दाब देऊन हृदयक्रिया चालवण्याविषयीचे संशोधन वाचनात आले, तेव्हा तो चालक आठवला आणि मनात एक अस्वस्थ करणारा प्रश्न उभा राहिला. त्या दिवशी त्याचे बरोबर होते आणि माझे चुकले होते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना छातीवरील दाबाचा इतिहास आधी पाहावा लागतो. जर्मनीतील गॉटिंगेन येथे फ्रीडरिश मास या तरुण शल्यचिकित्सकाने १८९०च्या दशकारंभी क्लोरोफॉर्ममुळे हृदय बंद पडलेल्या दोन रुग्णांना छाती वेगाने दाबून वाचवले. परंतु त्याचा शोध विस्मृतीत गेला. पुढे १९५८च्या सुमारास अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स संस्थेत गाय निकरबॉकर या संशोधकाच्या एक गोष्ट लक्षात आली. विजेचा धक्का देण्याची जड उपकरणे कुत्र्याच्या छातीवर नुसती दाबून धरली, तरी त्याचा रक्तदाब वर जात होता. विद्युत अभियंता विल्यम कौवेनहोव्हन, शल्यचिकित्सक जेम्स ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६०मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. छाती न उघडता, केवळ दोन हातांनी थांबलेले रक्ताभिसरण चालू ठेवता येते, हे जगाला तेव्हा कळले. आज आपण ज्याला सीपीआर म्हणतो, त्याचा पाया हाच.

मात्र छाती कितीही नीट दाबली, तरी निरोगी हृदय जेवढे रक्त पुढे ढकलते त्याचा लहानसा अंशच मिळतो. हा अंश वाढवता येईल काय, या विचारातून पोटाकडे लक्ष गेले. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात चार्ल्स बॅब्ज आणि सहकाऱ्यांनी १९८२मध्ये आलटून-पालटून दाब देण्याची पद्धत मांडली. एकाने छाती दाबायची आणि त्याचा हात वर येत असताना दुसऱ्याने उरोस्थीचे खालचे टोक व बेंबी यांच्या मधोमध पोट दाबायचे. पोटातील महाधमनी दाबली गेल्याने रक्त हृदयाकडे परत सरकते आणि हृदयाच्या स्नायूंना पोसणाऱ्या वाहिन्यांत शिरते. शिवाय पोटातील शिरांमध्ये साठलेले रक्तही छातीकडे येते.

त्याच विद्यापीठातील लेस्ली गेडिस यांनी २००७मध्ये याहून धाडसी कल्पना मांडली. छातीला हात न लावता केवळ पोट लयीत दाबायचे. बरगड्या मोडण्याचा धोका नाही. श्वासपटल वरखाली होत असल्याने फुप्फुसांत हवाही खेळते, म्हणजे अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावण्याचा संकोच नाही. डुकरांवरील प्रयोगात हृदयाच्या स्नायूंना होणारा रक्तपुरवठा छाती दाबण्याच्या तुलनेत सरस दिसला. चीनमध्ये पुढे पोट दाबणारे आणि वर खेचणारे हातात धरायचे उपकरण तयार झाले. ज्यांची छाती जखमी आहे, अशा रुग्णांसाठी त्याचा विशेष विचार झाला आहे.

इथवर वाचले की चालकाची बाजू भक्कम वाटू लागते. परंतु प्रयोगशाळेतून माणसाकडे येताना चित्र धूसर होते. रुग्णालयातील १०३ रुग्णांवर झालेल्या आणि १९९२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आलटून-पालटून दाब दिलेल्यांपैकी २५ टक्के रुग्ण बरे होऊन घरी गेले. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण ७ टक्के होते. त्याआधी १९८५मध्ये रुग्णालयाबाहेरच्या रुग्णांवर रुग्णवाहिका-पथकांनी केलेल्या चाचणीत मात्र काहीच फरक आढळला नव्हता. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१०च्या मार्गदर्शक तत्त्वांनी या पद्धतीला जपूनच जागा दिली. रुग्णालयात, पुरेसे प्रशिक्षित हात उपलब्ध असतील तरच तिचा विचार करावा, असे त्यांनी सुचवले. गर्भवती स्त्री, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण, महाधमनी फुगलेला रुग्ण यांच्या बाबतीत तर ती टाळायचीच. केवळ पोट दाबण्याची गेडिस यांची पद्धत सर्वसामान्यांना शिकवावी, इतका पुरावा माणसांच्या बाबतीत उभा राहिलेला नाही.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे हैदराबाद आठवते. क्लोरोफॉर्मने होणाऱ्या मृत्यूंचे कारण शोधण्यासाठी निजामाच्या पैशातून १८८८ आणि १८८९मध्ये तेथे दोन आयोग बसले. रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी त्यांचे प्रणेते. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला, की आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. तेव्हा श्वासावर लक्ष ठेवले की पुरे. पुढे १९११मध्ये गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले, की क्लोरोफॉर्मच्या हलक्या अंमलातही हृदय एकाएकी अनियमित थरथरून बंद पडू शकते. हैदराबादचे प्रयोग खोटे नव्हते. त्यांतून काढलेला नियम घाईचा होता. शासनाच्या शिक्क्याने निष्कर्षाला वजन येते, सत्यता येत नाही. नवी पद्धत लोकांपर्यंत नेण्याची घाई झालेल्या प्रत्येक विभागाने हे लक्षात ठेवावे.

आमच्या प्रदेशात या घाईचा धोका अधिक आहे. छत्तीसगढ हा तळ्यांचा मुलूख. एका गावात ‘छै आगर छै कोरी’, म्हणजे सहा कोड्या आणि वर सहा, एकशे सव्वीस तळी असण्याची गोष्ट येथील लोकपरंपरा अभिमानाने सांगते. रायपुरातील बूढा तालाब शहराच्या मधोमध आहे. तळे आले की बुडणे आले, आणि बुडालेल्याचे पोट दाबून पाणी काढण्याची समजूतही आली. वास्तविक पोट दाबल्याने जठरातील अन्न-पाणी उलटून श्वासनलिकेत जाण्याची भीती असते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. बुडालेल्याला सर्वप्रथम हवी असते ती हवा. म्हणून त्याला कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब, दोन्ही द्यावे लागतात. ‘पोट दाबून जीव वाचतो’ असा अर्धवट मथळा या मुलुखात जुन्या चुकीला विज्ञानाचे प्रमाणपत्र देऊन जाईल. चालकाने त्या दिवशी महाधमनी दाबली नव्हती. तळ्याकाठची सवय त्याच्या हातात होती. तो चुकला. पण तो निदान गुडघे टेकून बसला. आम्ही बाकीचे उभे होतो.

आणि खरा प्रश्न या उभे राहण्याचाच आहे. हृदय बंद पडल्यावर मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. ‘१०८’ची संजीवनी रुग्णवाहिका छत्तीसगढमध्ये २०११पासून धावते आहे, तरी दूरच्या गावी ती पाच मिनिटांत पोहोचेल, असे कोणताही प्रामाणिक अधिकारी म्हणणार नाही. ती येईपर्यंतचे हात शेजाऱ्याचेच असणार. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७मध्ये सामान्य नागरिकांसाठी केवळ छातीवर दाब देण्याची सोपी पद्धत पुढे ठेवली, ती याच जाणिवेतून. छातीच्या मधोमध तळहात, मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. मोठ्या माणसाचे हृदय अचानक बंद पडते तेव्हा एवढे पुरेसे असते. बुडालेल्याचा धडा स्वतंत्रपणे शिकवावा लागेल.

डेन्मार्कने २००५नंतर हे शिक्षण शाळेत आणि वाहनपरवान्यासाठी सक्तीचे केले. तेथे रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी ज्यांना जवळच्या माणसांनी सीपीआर दिला, त्यांचे प्रमाण २००१मध्ये २१ टक्के होते. २०१०पर्यंत ते ४५ टक्क्यांजवळ गेले. महिनाभरानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून जवळपास अकरा टक्क्यांवर पोहोचले. इतर उपचारही त्या काळात सुधारले, हे खरे. परंतु तेथील हातांची पद्धत बदलली नव्हती. हातांची संख्या वाढली होती.

आपल्याकडे कायद्याची एक उणीवही भरून काढली पाहिजे. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे मोटार वाहन कायद्यातील कलम १३४अ रस्ते-अपघातापुरते आहे. बाजारात कोसळलेल्याची बरगडी सीपीआर देताना मोडली, तर मदत करणाऱ्याने भारतीय न्याय संहितेतील सद्भावनेच्या सर्वसाधारण तरतुदीवर विसंबावे लागते. कलम १३४अ इतका स्पष्ट शब्द प्रत्येक प्रकारच्या आकस्मिक मदतीसाठी हवा.

पोटदाबाचे संशोधन मात्र थांबू नये. त्याची जागा रुग्णालयात आहे, जेथे तीन प्रशिक्षित माणसे हाताशी असतात आणि परिणाम नोंदवला जातो. रायपुरात २०१२पासून एम्स आहे, त्याहून जुने वैद्यकीय महाविद्यालय आहे. पद्धतशीर चाचण्यांत त्यांनीही भाग घ्यावा. मात्र पटवाऱ्याला, शिक्षकाला, मितानिन आरोग्यसेविकेला एकच धडा द्यावा आणि तो सर्वांना द्यावा.

गेल्या वर्षी, साठी उलटल्यावर, मी तो धडा रबरी पुतळ्यावर शिकलो. दोन मिनिटांत दम लागतो, हे तेव्हा कळले. शिकायला एक दुपार लागली. त्या जिल्ह्यात अशा किती दुपारी मी बैठकांमध्ये घालवल्या, त्याचा हिशेब आता मांडवत नाही.