बॅकअप क्वार्टरबॅक खरंच चांगला खेळला का, हे ओळखायचं कसं?

तारीख ४ फेब्रुवारी २०१८. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल सुरू होती. एका बाजूला न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा टॉम ब्रेडी. आधीच पाच सुपर बोल जिंकलेला. दुसऱ्या बाजूला फिलाडेल्फिया ईगल्सचा निक फोल्स. हा खरं तर राखीव खेळाडू. मुख्य क्वार्टरबॅक कार्सन वेंट्झच्या गुडघ्याला डिसेंबरमध्ये दुखापत झाली, म्हणून फोल्सला संधी मिळाली होती.

ईगल्स ४१-३३ ने जिंकले आणि फोल्स सामन्याचा मानकरी ठरला. पण तो ब्रेडीपेक्षा भारी खेळला का? इथेच खरी गंमत आहे.

आकडे काय सांगतात?

क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू कुणाकडे द्यायचा, हे काही सेकंदांत ठरवणारा खेळाडू. फोल्सने ४३ पैकी २८ पास अचूक दिले. ३७३ यार्ड, ३ टचडाऊन, १ इंटरसेप्शन. ब्रेडीने ४८ पैकी २८ पास दिले, पण तब्बल ५०५ यार्ड कमावले. टचडाऊन तेवढेच ३ आणि इंटरसेप्शन एकही नाही. नुसता कागद पाहिला तर ब्रेडीच वरचढ.

मग आकड्यांत काय दिसत नाही?

पहिली गोष्ट, चूक कुणाची? फोल्सचा तो एक पास रिसीव्हर अल्शॉन जेफ्रीच्या हाताला लागून वर उडाला आणि प्रतिस्पर्ध्याने झेलला. नोंद मात्र फोल्सच्या नावावर झाली.

दुसरी गोष्ट, प्रसंग कोणता? एनएफएलमध्ये १० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. चौथा फसला की चेंडू समोरच्या टीमकडे. पहिला हाफ संपत आला असताना ईगल्सने चौथ्या प्रयत्नात एक डाव टाकला. पास ट्रे बर्टनने दिला आणि टचडाऊनचा झेल घेतला चक्क फोल्सने! हाच तो प्रसिद्ध 'फिली स्पेशल'.

पुढे साडेपाच मिनिटं उरली होती आणि ईगल्स ३२-३३ असे एका गुणाने मागे होते. पुन्हा चौथा प्रयत्न. फोल्सने झॅक अर्ट्झला पास दिला, फक्त २ यार्डचा. आकड्यांत क्षुल्लक, पण तो फसला असता तर कदाचित सामनाच गेला असता. त्याच चढाईत अर्ट्झने टचडाऊन केला.

तिसरी गोष्ट, साथ कुणाची? ईगल्सच्या संरक्षक फळीने फोल्सला एकदाही चेंडूसकट खाली पाडू दिलं नाही. उलट शेवटी ब्रँडन ग्रॅहमने ब्रेडीच्या हातून चेंडू उडवला. म्हणजे विजयाचं सगळं श्रेय एकट्या फोल्सला देणंही चुकीचंच.

एका सामन्यावरून ठरवावं का?

अवघ्या पाच आठवड्यांपूर्वी डॅलसविरुद्ध याच फोल्सचे ११ पैकी फक्त ४ पास अचूक ठरले होते. त्या दिवशीच निकाल लावला असता तर? आणि सुपर बोलनंतर? २०१९ मध्ये जॅक्सनव्हिलने त्याच्याशी चार वर्षांचा मोठा करार केला. पहिल्याच सामन्यात त्याच्या खांद्याजवळचं हाड मोडलं, तो परतला पण जागा टिकवू शकला नाही आणि २०२० मध्ये त्याला शिकागोला देण्यात आलं.

क्रिकेटमध्ये आपण नुसत्या धावा बघत नाही. पिच कसं होतं, किती ओव्हर उरल्या होत्या, हेही विचारतो. बॅकअप क्वार्टरबॅकचंही तसंच. तो मुख्य खेळाडूइतका भारी आहे का, यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: ऐनवेळी हाती आलेलं काम त्याने निभावलं का? त्या रात्री फोल्सने ते नक्कीच निभावलं.