चार खेपांचं काम तीन खेपांत

अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, टॉवर जवळ असूनही भागत नाही. मध्ये डोंगर आडवा येतो. रेशन दुकानात ई-पॉसवर अंगठा ठेवला आणि रेंज गेली, की धान्य पोत्यातच राहतं. अशा मुलखात संदेश मधल्या कुणीतरी झेलून पुढे टाकावा लागतो. तो मधला म्हणजे रिले. त्याचं गणित व्हॅन डर म्यूलेन यांनी 1971 मध्ये मांडलं, पण रिले बराच काळ निव्वळ हमाल राहिला: आलं ते उचललं, पुढे टाकलं.

2000 साली आल्सवेडे, काय, ली आणि युंग या चौघांनी दाखवून दिलं, की मधल्यानं संदेश एकमेकांत मिसळले तर त्याच जाळ्यातून जास्त माहिती जाऊ शकते. हेच नेटवर्क कोडिंग.

समजा, रतनवाडी आणि राजूर यांच्यामधल्या डोंगरावर रिले आहे. रतनवाडीचा संदेश 110, राजूरचा 101. जुन्या रीतीनं चार खेपा लागतात: दोन रिलेपर्यंत, दोन तिथून पुढे. नव्या रीतीत रिले दोन्ही संदेश एकाखाली एक मांडतो. अंक सारखे तिथे 0, वेगळे तिथे 1. उत्तर येतं 011, आणि तेवढंच तो एकदा हवेत सोडतो. रतनवाडीकडे स्वतःचं 110 असतंच. ते 011 खाली मांडून तीच क्रिया केली की 101 मिळतं. राजूरलाही तसंच 110 मिळतं. खेपा तीन! हवेत सोडलेला संदेश दोन्ही गावांना एकदमच ऐकू येतो, म्हणून हे साधतं.

ही कल्पना चालत्या वाय-फायवर आणणाऱ्यांत पवईचा एक माजी विद्यार्थी होता. 2003 साली आयआयटी मुंबईतून बी.टेक. झालेले सचिन कट्टी अमेरिकेत एमआयटीत गेले आणि 2006 मध्ये दीना कटाबी व इतर सहकाऱ्यांसह त्यांनी ‘कोप’ ही पद्धत मांडली. 20 यंत्रांच्या त्या जाळ्यात प्रत्येक यंत्र शेजाऱ्यांचं बोलणंही ऐकून साठवतं आणि आपल्याकडे काय आहे ते इतरांना कळवतं. त्यामुळे रिलेला दोनाहून जास्त संदेशही एकत्र बांधता येतात. गर्दीच्या काही चाचण्यांत जाळ्याची क्षमता तीन-चार पट झाली.

मला जास्त पटला तो त्यांचा कमजोर निकाल, जो त्यांनी झाकला नाही. यंत्रं एकमेकांना ऐकू न येता एकाच वेळी बोलू लागली आणि संदेशांच्या टकरा झाल्या, तेव्हा इंटरनेटवरच्या नेहमीच्या (टीसीपी) वाहतुकीत फायदा जेमतेम 2-3 टक्के. इंटरनेटला जोडलेल्या जाळ्यात तो 5 ते 70 टक्के. डाउनलोडच्या मानानं अपलोड किती, यावर ते ठरतं. समोरून काही येतच नसेल तर मिसळणार काय?

आपल्या खेड्यांची गोची इथेच आहे. मोबाइलवर व्हिडिओ उतरतात बक्कळ, वर जातं त्या मानानं किरकोळ. आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’नं पालघर जिल्ह्यात टीव्हीच्या वापरात नसलेल्या लहरींवरून गावांना इंटरनेट पोचवलं आणि 2017 मध्ये मोझिलाचं सव्वा लाख डॉलरचं पहिलं बक्षीस मिळवलं. त्याची भिस्त संदेश मिसळण्यावर नव्हती. दूर जाणाऱ्या, झाडांना फारशा न अडणाऱ्या लहरींवर होती.

म्हणून अकोल्यापुरता माझा कौल साधा आहे. आधी डोंगरावर रिले आणि त्याला अखंड वीज हवी. दूध संकलन केंद्रं, शाळा, आरोग्य उपकेंद्रं खालून वर भरपूर माहिती पाठवू लागली, की मग नेटवर्क कोडिंगवर पैसे घालावेत. त्याआधी घातले तर पदरात 5 टक्केच पडतील.