खेकड्याच्या चालीनं

आडव्या वाऱ्यात उतरणारं विमान समोरून पाहिलं की काळजात धस्स होतं. धावपट्टी एकीकडे, नाक भलतीकडे, आणि एवढं धूड तिरकं सरकत येतंय! पण विमानाच्या लेखी ते सरळच उडत असतं, कारण ज्या हवेत ते आहे ती हवाच सगळी एका बाजूला वाहतेय. भरल्या नदीत समोरचा घाट गाठायला नावाडी नावेचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो, तसं वैमानिक नाक वाऱ्याकडे वळवतो. त्यांच्या बोलीत हा ‘क्रॅब’, आपला खेकडा. विमान १४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर वेगानं येत असेल आणि आडवा वारा ३० नॉटांचा असेल, तर नाक चांगलं १२ अंश वळतं.

मला सर्वांत थक्क करते ती वैमानिकाची जागा. बोइंग ७७७-३००ईआरची मुख्य चाकं त्याच्या तीसेक मीटर मागे असतात. नाक १२ अंश वळलेलं असताना तो स्वतः धावपट्टीच्या मधल्या रेघेवर राहिला, तर चाकं सहा मीटर बाजूला पडतील. म्हणून तो रेघ सोडून वाऱ्याच्या अंगाला राहतो आणि स्वतःला न दिसणारी चाकं रेघेवर आणतो.

चाकांना मात्र तिरकं टेकणं सोसत नाही. जमीन काही फुटांवर आली की वैमानिक पायानं शेपटीच्या रडरचं पेडल दाबून नाक सरळ करतो. त्या क्षणापासून वारा विमानाला खरोखर बाजूला रेटू लागतो. पण दोनशे टनांचा ऐवज लगेच हलत नाही. तेवढीच क्षणभराची सवड. शिवाय नाक वळताना वाऱ्याकडचा पंख पुढे झेपावतो आणि वर उसळू पाहतो. तो हातानं दाबून धरायचा, आणि तोही बेतानं, नाहीतर पंखाखालचं इंजिन जमिनीला घासेल.

१ मार्च २००८ ला हॅम्बुर्गमध्ये, एम्मा वादळात, लुफ्तान्साच्या ए३२०चा उजवा पंख उचलला गेला आणि डाव्या पंखाचं टोक धावपट्टीला घासलं. वैमानिकांनी विमान तसंच पुन्हा वर नेलं आणि २३ क्रमांकाची धावपट्टी सोडून ३३ वर सुखरूप उतरवलं. हे आकडे दिशेचे असतात: २३० अंश आणि ३३० अंश. वारा पश्चिम-वायव्येचा होता; ३३ वर तो बराचसा समोरून मिळाला.

बोइंगमध्ये चाकं टेकल्यावरही वैमानिकाचा हात वाऱ्याकडेच वळलेला असतो. वाऱ्याच्या बाजूची खिडकी मिळाली, तर पंखाच्या टोकाजवळची मागची कड पाहा. विमान जमिनीवर धावत असतानाही तिथली हलती पट्टी, म्हणजे एलेरॉन, वर उचललेली दिसेल.