कपडा आपल्या कामाचा, का लोकांच्या नजरेचा?

या पानावर आपण नेहमी बियाणे, खते, कीड-रोग असे बोलतो. आज कपड्यांविषयी लिहितो आहे म्हणून हसू नका. ‘साहेबांना दुसरे काम राहिले नाही वाटतं’ असे कुणी म्हणेलही. पण खेड, मावळ, हवेली या भागात फिरताना एक गोष्ट सारखी डोळ्यांत भरते. तरुण पोरगा रानात काम करत असतो आणि रस्त्याने कंपनीची बस आली की तोंड फिरवतो, नाहीतर बांधाआड होतो. त्याच्या अंगात मातीने भरलेले बनियन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. आणि बसमध्ये त्याच्याच वर्गातली मुले युनिफॉर्म घालून बसलेली. शेतीची लाज वाटायला सुरुवात होते ती अशी अंगावरच्या कपड्यापासून.

ही लाज आपल्याकडे जुनी नाही. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, पुढे आकुर्डी, चिंचवड, भोसरी कारखान्यांनी भरून गेली आणि १९९० नंतर चाकणचा माळही भरला. त्याआधी ज्याच्या-त्याच्या अंगावर धोतर, कोपरी किंवा बंडी, डोक्याला मुंडासे नाहीतर टोपी, खांद्यावर घोंगडी असे. बायका नऊवारी नेसत. सगळेच तसे, म्हणून कोण कुणाला हसणार? कंपनी आली तशी पगाराची तारीख आली आणि तिच्याबरोबर युनिफॉर्मही आला. आज सोयरीक जमवायला बसले की पहिला प्रश्न, ‘मुलगा कंपनीत आहे का?’ पाच एकर बागायत असली तरी पोरगा मागे पडतो, आणि सहा महिन्यांच्या कंत्राटावर असलेला पुढे जातो. त्या युनिफॉर्मला एवढे वजन आले आहे.

पण कंपनीने युनिफॉर्म दिला तो रुबाबासाठी नाही, हे लक्षात घ्या. मशीनवर काम करणाऱ्याच्या अंगावर लोंबते काही नको, पायात जाड बूट हवा, आत कोण कुठल्या खात्याचा ते लांबून कळावे, एवढाच त्यात हिशेब. म्हणजे कामाला शोभेल असा कपडा. आपल्या म्हाताऱ्यांचाही हिशेब हाच होता. नऊवारीचा काष्टा घातला की भातलावणीच्या चिखलात दोन्ही पाय मोकळे. घोंगडी पावसात पांघरायला, थंडीत अंथरायला आणि दुपारी बांधावर टेकायला. बंडीच्या आतल्या खिशात पैसे राहिले की वाकले तरी पडत नाहीत.

जुने ते सगळे चांगलेच, असे मात्र मी म्हणणार नाही. मळणी यंत्राजवळ धोतराचा सोगा, उपरणे किंवा साडीचा पदर म्हणजे जिवाशी खेळ. ट्रॅक्टरच्या पीटीओचा फिरता दांडा एकदा कपड्याला धरतो, मग माणसाला सोडत नाही. तिथे अंगाबरोबरची पँट आणि आखूड शर्टच हवा, वय सत्तर असले तरी! आजोबांना हे सांगायचे धाडस नातवाने करावे.

आता दुसरी बाजू. जमीन गेली, पैसा आला आणि ‘गुंठामंत्री’ हा शब्द आपल्याच जिल्ह्यात रूढ झाला. पांढरा लिनन शर्ट, कडक इस्त्री, काळा गॉगल, गळ्यात बोटाएवढी साखळी. भोसरीचे दत्ता फुगे यांनी तीन किलोहून जास्त सोन्याचा शर्ट करून घेतला, तेव्हा त्याची किंमत सव्वा कोटीच्या पुढे सांगितली गेली आणि २०१३ साली परदेशातल्या वर्तमानपत्रांतही त्याचे फोटो आले. जुलै २०१६ मध्ये त्यांचा खून झाला. गेलेल्या माणसाच्या हौसेला नावे ठेवायची नाहीत. माझे म्हणणे मागून नक्कल करणाऱ्यांविषयी आहे. मित्राच्या गळ्यात पाच तोळे दिसले म्हणून आपणही रस्त्याकडेचे दोन गुंठे काढायचे, याला मी हौस म्हणत नाही. ती दुसऱ्याची आवड आपल्या सातबाऱ्यावरून फेडणे झाले.

कपड्यातून आपण कोण ते ठामपणे सांगता येते, हे पुण्यातच एकाने दाखवून दिले आहे. मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्यासाठी पुण्यात मेजवानी होती. हे व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव. बडी मंडळी दागदागिन्यांनी मढून आलेली. महात्मा जोतीराव फुले तिथे गरीब शेतकऱ्याच्या वेशात गेले. ते स्वतः ठेकेदारी केलेले, पुणे नगरपालिकेचे सदस्य राहिलेले. चांगला कोट घालणे त्यांना जड नव्हते. त्या वेशातच ते बोलायला उभे राहिले आणि खरी प्रजा अशी दिसते हे त्यांनी राजपुत्राला ऐकवले.

जीन्सचेही सांगतो. पोरे जिच्यासाठी हट्ट धरतात ती पँट मुळात मजुराची. १८७३ साली अमेरिकेत लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याच्या रिबिटा ठोकायचे पेटंट घेतले, कारण कष्टाच्या कामात खिसे उसवत होते. म्हणजे रानात घालायला लाज वाटते म्हणून आपण जी बाजूला ठेवतो, ती रानातल्यासारख्या कामासाठीच जन्मली! सुती आहे, टिकते. पावसाळ्यात मात्र नको, भिजली की जड होते आणि वाळता वाळत नाही. लावणीला पॉलिस्टर बरे, उन्हाळ्यात सैल सुती आणि फिका रंग बरा.

या बाबतीत आमच्या भगिनी पुढे आहेत. साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल. हे त्यांना कुठल्या टीव्हीने शिकवले नाही. ऊन लागू नये, उसाच्या पात्याने हात कापू नयेत, पदर सावरायला लागू नये, म्हणून त्यांनीच शोधून काढले. पिंपरी कॅम्पातल्या कुठल्याही दुकानात असा पोशाख टांगलेला मिळणार नाही. स्वतःची पद्धत म्हणतात ती हीच.

पुरुषांचे काय? फवारणीला पाहावे तर बनियन, हाफ पँट, अनवाणी पाय आणि नाकाला रुमालसुद्धा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे गेली. पीक डोक्याएवढे वाढलेले, औषध तीव्र आणि अंगावर संरक्षण नाही. औषध नाकातोंडातून जाते तसे कातडीतूनही जाते. तेव्हा लांब बाह्या, पूर्ण पँट, रबरी हातमोजे, गॉगल, मास्क, गमबूट आणि पुढून प्लॅस्टिकचा एप्रन. नुसता सुती शर्ट औषध शोषून अंगाला लावून ठेवतो, म्हणून एप्रन. ‘मास्क घातला की लोक हसतात’ असे मला पुष्कळांनी सांगितले. चाकणच्या कंपनीत रंगकाम करणारा मास्क लावतो, त्याला कोण हसतो?

ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेब आणि सरपंच मंडळींनाही दोन शब्द. कडक इस्त्रीवाला आला की खुर्ची आणि चिखलाच्या पायांनी आलेला दारातच उभा, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पोरगा बांधाआड होतो ते असेच काही पाहून. दुसरे म्हणजे सत्कार. शाली, टॉवेल, टोप्या आणि फेटे घरोघरी ट्रंकेत पडून आहेत. प्रगतिशील शेतकऱ्याचा सत्कार करताना एकदा शालीऐवजी हातमोजे, गॉगल आणि मास्क देऊन बघा. पहिल्यांदा हशा होईल, होऊ द्या.

आषाढीला तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी येते, तेव्हा कंपनीतला माणूसही पांढरा सदरा आणि टोपी घालून टाळ घेतो. बैलगाड्याच्या घाटात तोच फेटा बांधून गुलालात न्हातो. त्याला तिथे कुणाची लाज वाटत नाही, कारण कपडा त्या जागेचा असतो. रानासाठीही असाच एक जोड ठरवून टाका. दर सणाला मिळालेले, फाटलेले, उरलेले ते रानात, असे नको. टेलरकडे गेलात तर त्याला सांगा: बाही मनगटाला बटनाची, बगलेत सैल, खाली लोंबता भाग नको आणि मोबाईलसाठी बंडीसारखा आतला खिसा, वर झाकणी. फवारणीचा जोड मात्र वेगळा ठेवा आणि घरच्या कपड्यांत मिसळू नका. तो वेगळ्या बादलीत धुवायचा, आणि ज्याने फवारले त्यानेच, हातमोजे घालून.