रक्ताचा रिपोर्ट आणि बसवलेले पारपटल



उसाचे पाते लागून डोळ्यात फूल पडणे आपल्याकडे नवे नाही. फूल दाट झाले की बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, बदलून नेत्रदानात मिळालेले बसवतात. आमच्या गटातील एका सभासदांना ते बसले. रक्ताचे रिपोर्ट चांगले, मग काळजी कसली, म्हणून लागणीच्या गडबडीत त्यांनी थेंब सोडले. महिन्यात डोळा लाल! आम्हाला म्हणाले, “साहेब, रक्त जुळलं न्हाई का?”

तसे नव्हे. निरोगी पारपटलात रक्तवाहिन्याच नसतात. त्यामुळे मूत्रपिंडासारखी रक्तगटाची जुळवणी इथे सहसा लागत नाही. दात्याचे रक्त तपासतात ते एड्स, ‘ब’ आणि ‘क’ कावीळ, गरमी यांसाठी. आपले तपासतात ते साखर वगैरे पाहायला. नकाराचा धोका मुख्यतः डोळ्यातच दिसतो. जुन्या जखमेने पारपटलात रक्तवाहिन्या शिरल्या असल्या, किंवा आधीचे पारपटल शरीराने नाकारले असले, तर धोका वाढतो.

पहिले यशस्वी रोपण 1905 साली ओलोमोउत्स गावी डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी केले. रोगी मजूर, दोन्ही डोळे चुन्याने गेलेले. (चुना आपल्या कारखान्यातही आहेच.) माणूस एक, रक्त एक, पण एकाच डोळ्यातले टिकले.

लाली, दुखणे, उजेड न सोसणे, धूसर दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. थेंब आपल्या मनाने बंद करू नयेत, वर्ष झाले तरी. आमचे सभासद वेळेत गेले. तासातासाला थेंब घालून डोळा वाचला. यंदा वजनाची पावती स्वतःच वाचतात.